भुईचिकणा : माळावरच्या पिवळ्या फुलाची खरी ओळख

भाद्रपद-अश्विनात प्रवरेकाठचे बेलापूर हिरवे दिसते. मात्र हे हिरवेपण दोन प्रकारचे असते. एक उसाचे, पाटाच्या पाण्यावर बाराही महिने टिकणारे. दुसरे माळाचे, बांधाचे आणि पडीक मुरमाड जमिनीचे. पावसाबरोबर येणारे आणि पावसामागोमाग दोन-अडीच महिन्यांत सरणारे. या दुसऱ्या हिरवळीत, गवताच्या मुळाशी, हृदयाकृती लहान पाने आणि नखाएवढी पिवळी फुले असलेली एक वनस्पती जमिनीला बिलगून पसरलेली असते. गुरे राखणाऱ्या कोणालाही तिचे नाव विचारावे, तो न अडखळता ‘चिकणा’ असे सांगेल. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. कारण चिकणा या एकाच नावाखाली निदान सहा-सात निरनिराळ्या वनस्पती आपल्या भागात नांदत आहेत. त्यांतील काही येथील, काही परदेशातून आलेल्या, काही औषधी, तर काही औषधीच्या नावावर खपणाऱ्या आहेत. त्यांतील ‘भुईचिकणा’ नेमका कसा ओळखावा, हा या लेखाचा विषय आहे.

येथे अभिप्रेत असलेले बेलापूर नवी मुंबईतील नव्हे. ते अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील जुने बाजारगाव होय. दौंड-मनमाड लोहमार्गावरील श्रीरामपूरच्या स्थानकाला बेलापूर हे नाव मिळाले ते याच गावावरून. नाव एका ठिकाणाचे आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी, असा प्रकार वनस्पतींच्या बाबतीतही घडतो. त्याचे एक ठळक उदाहरण पुढे येणारच आहे.

हा प्रदेश वाळवंट नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचाही मोठा वाटा सप्टेंबरमध्ये येतो. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली आले आणि या अवर्षणग्रस्त पट्ट्यात ऊस उभा राहिला. परंतु ज्या जमिनीला पाट पोहोचला नाही, तेथील वनस्पतींचा संसार अजूनही जुन्या नियमानेच चालतो. पहिल्या चांगल्या पावसात उगवायचे, झटपट फुलायचे, बी टाकायचे आणि कोरड ओढवण्यापूर्वी वाळून जायचे, हा तो नियम. जगातील सर्व शुष्क प्रदेशांतील वर्षायू वनस्पती हाच नियम पाळतात. अमेरिकेतील मोहावी आणि सोनोरा या वाळवंटांत भेंडीच्याच कुळातील ‘इरेमाल्की रोटुंडिफोलिया’ नावाचे एक वर्षायू रोपटे आहे. हिवाळी पाऊस झाला तरच ते वसंतात दिसते. त्याच्या फिकट जांभळट कटोरीसारख्या फुलात पाच पाकळ्यांच्या तळाशी पाच गडद तांबडे ठिपके असतात आणि त्या ठिपक्यांमुळे ते लांबूनही ओळखता येते. आपल्या भुईचिकण्याला अशी सोयीची खूण लाभलेली नाही. त्याचे फूल साधे पिवळे आहे आणि साध्या पिवळ्या फुलांची आपल्याकडे मुळीच वाण नाही.

म्हणून आधी कूळ निश्चित करावे. भेंडी, कापूस, अंबाडी, जास्वंद आणि बागेतील गुलखैरा ही सारी माल्व्हेसी कुळातील मंडळी. जास्वंदीच्या फुलातून बाहेर डोकावणारा दांडा सर्वांच्या परिचयाचा आहे. तो दांडा म्हणजे अनेक पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून झालेली नळी असते आणि तिच्या आतून स्त्रीकेसराची वाहिनी वर येते. ही केसरनळी चिकण्याच्या नखाएवढ्या फुलातही असते. फक्त ती पाहण्यासाठी भिंग लागते. त्याच भिंगाने पानाची मागची बाजू पाहिली, तर एका बिंदूतून चहूकडे फुटलेले चांदणीसारखे केस दिसतात. पान चुरगळून बोटांत घासले की बुळबुळीत चिकटा लागतो; चिकणा हे नाव त्यावरूनच आले असावे. केसरनळी, चांदणीसारखे केस आणि चिकटा या तीन खुणा एकत्र दिसल्या की कुळाविषयी फारसा संशय उरत नाही.

माळावर फसवणाऱ्या इतर पिवळ्या फुलांपैकी सराटा, म्हणजेच गोखरू, पहिल्याच नजरेत बाजूला पडतो. त्याची पाने चिंचेसारखी संयुक्त असतात आणि काटेरी फळाची ओळख तर अनवाणी चालणाऱ्याला वेगळी करून द्यावी लागत नाही. छुंछ अधिक फसवी. तिलाही पाच पिवळ्या पाकळ्या असतात, तिचेही पान साधे व दातेरी असते. एवढेच नव्हे, तर पूर्वी वेगळ्या कुळात गणली जाणारी ही वनस्पती, जूटसह, १९९८ नंतरच्या नव्या वर्गीकरणात माल्व्हेसीतच आणली गेली आहे. जुन्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकांना हा बदल चमत्कारिक वाटेल. तरीही शेतात दोघींचा भेद सोपा आहे. छुंछेचे पुंकेसर मोकळे असतात, नळी बनत नाही. फळ शेंगेसारखे लांबट असते. आणि तिच्या बहुतेक जातींच्या पानाच्या तळाशी दोन बाजूंना शेपटीसारखे दोन बारीक धागे लोंबतात.

आता प्रत्यक्ष भुईचिकण्याकडे वळू. याचे शास्त्रीय नाव ‘सिडा कॉर्डाटा’. कॉर्डाटा म्हणजे हृदयाकृती. अर्थात हे विशेषण पानाला लावलेले आहे. खोड सुतळीपेक्षा बारीक, फांद्या जमिनीवर हातभर वा त्याहून अधिक पसरलेल्या. खोडावर आणि देठांवर चांदणीसारख्या केसांखेरीज लांब, सरळ, मऊ केसही असतात. उन्हाकडे धरून पाहिल्यास फांदीच्या कडेने त्यांची झालर उजळून दिसते. पान दोन-चार सेंटिमीटर लांब, कडा दातेरी, टोक निमुळते आणि देठ पानाच्या मानाने लांब व सडपातळ. फूल पानाच्या बगलेतून येते. त्याचा दांडाही धाग्यासारखा लांब असतो आणि त्यावर मध्येच एक सांधा असतो. फूल किंवा फळ ओढल्यास दांडा नेमका तेथे तुटतो. फूल सेंटिमीटरभर रुंद असते आणि दिवसाचे काही तासच उघडे राहते. त्यामुळे ‘सकाळी पाहिले ते दुपारी कोठे गेले’ असा अनुभव नवख्याला हटकून येतो.

ही वनस्पती वर्षायू की बहुवर्षायू, याबाबत ग्रंथांत दोन्ही प्रकारची वर्णने सापडतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. ओलाव्याच्या जागी, आमराईच्या सावलीत किंवा पाटाच्या कडेला तिचे मूळ पुढच्या वर्षीही फुटते. कोरड्या मुरमावर मात्र ती एका पावसाळ्याची पाहुणी असते.

फुलाची पुढची बाजू सगळेच पाहतात. ओळख मात्र मागच्या बाजूला दडलेली असते. जास्वंदीचे वा कपाशीचे फूल उलटे केले, तर हिरव्या निदलपुंजाच्या खाली आणखी एक हिरवे कडे दिसते. कपाशीत ती तीन रुंद, झालरीची पाने असतात, तर जास्वंदीत अरुंद पट्ट्या. वनस्पतिशास्त्रात या कड्याला अपिसंवर्त म्हणतात. चिकण्याच्या, म्हणजे सिडा प्रजातीच्या, कोणत्याही जातीत हे कडे नसते. निदलपुंजाची पाच टोके आणि खाली सरळ दांडा, बस्स. ही एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवली, तरी अर्धे काम झाले.

कारण नेमक्या याच ठिकाणी ती परदेशी वनस्पती उघडी पडते, जिला बेलापुरात आणि बेलापुराबाहेरही सर्रास चिकणाच म्हटले जाते. तिचे शास्त्रीय नाव ‘माल्व्हास्ट्रम कोरोमांडेलिएनम’. लिनियसने १७५३ साली तिला माल्व्हा प्रजातीत घालून हे कोरोमांडेलचे विशेषण दिले आणि १८५७ मध्ये गार्कने तिला सध्याच्या प्रजातीत हलविले. विशेषण तेच राहिले. कोरोमांडेल म्हणजे आपला चोलमंडल किनारा. नाव वाचून कोणाचाही समज व्हावा की ही दक्षिण भारताची कन्या आहे. वस्तुतः ती अमेरिकेची रहिवासी होय. श्रीरामपूरच्या स्थानकावर उतरून ‘हेच बेलापूर काय?’ असे विचारणाऱ्या प्रवाशासारखी येथे वाचकाची गत होते. रस्त्याच्या कडेला, उकिरड्याजवळ, उसाच्या बांधावर, शाळेच्या कुंपणाशी ही वनस्पती गुडघ्याएवढी किंवा त्याहून उंच, ताठ वाढते आणि वर्षाचे बहुतेक महिने फुलत राहते. तिचे फूल रंगाने व आकाराने भुईचिकण्याच्या इतके जवळ असते की दोन्ही फुले तोडून तळहातावर ठेवल्यास पुढून निर्णय होणे कठीण. उलटी करून पाहावीत. माल्व्हास्ट्रमच्या निदलपुंजाला चिकटून तीन अरुंद हिरव्या पट्ट्या दिसतील, भुईचिकण्याला एकही दिसणार नाही. तिच्या फुलाचा दांडा आखूड असतो, खोडावरचे केस अंगासरशी चपटे बसलेले असतात आणि पानाच्या शिरा वरच्या बाजूने खोल दबलेल्या असतात. फळ फुटले की घोड्याच्या नालेसारख्या दहा-बारा फाका सुट्या होतात आणि प्रत्येकीवर तीन बारीक टोके असतात.

याउलट भुईचिकण्याच्या फळात पाचच फाका असतात आणि त्यांना कुसळे नसतात. हा आकडा पाठ असावा, कारण खऱ्या चिकण्यांच्या आपापसातील निवाड्यालाही तोच उपयोगी पडतो. वैद्यकातील बला, म्हणजे सिडा कॉर्डिफोलिया, हिचेही पान हृदयाकृतीच असते आणि नावाचा अर्थही तसाच. परंतु ती ताठ वाढते, तिच्या सर्वांगावर मखमलीसारखी दाट लव असते आणि फळाच्या आठ-दहा फाकांपैकी प्रत्येकीवर उलट्या केसांची दोन लांब कुसळे असतात. ती धोतराला वा गुरांच्या अंगाला चिकटतात. सिडा अक्युटाचे पान भाल्याच्या पात्यासारखे लांबट असते. देठाशी दोन उपपर्णे असतात आणि त्यांतील एक दुसऱ्यापेक्षा रुंद असते. सिडा ऱ्हॉम्बिफोलियाचे पान पतंगाच्या आकाराचे, निदलपुंजावर दहा शिरा उठलेल्या. तिला काही ठिकाणी सहदेवी म्हणतात. परंतु बहुतेक लोक सहदेवी म्हणून जांभळ्या फुलांची दुसरीच वनस्पती दाखवितात, हे ध्यानात असावे. सिडा स्पायनोझा, म्हणजे काटेरी चिकणा, हिच्या फळातही पाचच फाका असतात, म्हणून ती गोंधळात टाकते. मात्र ती उभी वाढते आणि पानाच्या देठाखाली काट्यासारखी बारीक गाठ असते. मुद्रा किंवा पेटारी या नावाने ओळखले जाणारे झुडूप तर या सर्वांहून मोठे असते. त्याचे चक्राकार फळ कणकेच्या गोळ्यावर दाबून ठसे उमटवण्याचा खेळ अनेकांनी लहानपणी खेळलेला असेल.

भुईचिकण्याच्या शास्त्रीय नावाचाही लहानसा इतिहास आहे आणि जुने ग्रंथ चाळणाऱ्याला तो ठाऊक असावा लागतो. निकोलास बर्मन या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये आपल्या ‘फ्लोरा इंडिका’ या ग्रंथात ही वनस्पती मेलोकिया या भलत्याच प्रजातीत नोंदविली होती. तिचे ते मूळ विशेषण कायम ठेवून तिला सिडा प्रजातीत आणण्याचे काम व्हान बोर्सुम वाल्केस यांनी १९६६ साली केले. त्यामुळे त्यापूर्वीच्या ग्रंथांत हीच वनस्पती सिडा व्हेरोनिसिफोलिया अथवा सिडा ह्युमिलिस या नावांनी शोधावी लागते. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील थिओडोर कुक यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, तोही अर्थातच या बदलापूर्वीचा. अहमदनगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ प्रधान आणि सिंह यांनी १९९९ मध्ये सिद्ध केला. या भागात काम करणाऱ्याने तो जवळ बाळगावा.

एवढ्या बारकाव्यांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर औषधी तेलाच्या बाटलीत आहे. चरकसंहितेतील बल्य गणात बला आणि अतिबला या दोन्हींचा समावेश आहे. क्षीरबला तेल, महानारायण तेल यांत बला लागते. मराठी घरांत तान्ह्या बाळाच्या अंगाला चोळले जाणारे चंदनबलालाक्षादि तेल तर नावातच बला मिरविते. शास्त्रानुसार बला म्हणजे सिडा कॉर्डिफोलियाचे मूळ आणि अतिबला म्हणजे मुद्रा. परंतु केरळात बलेच्या जागी कुरुंतोट्टी, म्हणजे सिडा ऱ्हॉम्बिफोलियाच्या गटातील वनस्पती, वापरण्याची परंपरा आहे. नागबला कोणती, यावर तर एकमतच नाही. काही जण काटेरी चिकणा सांगतात, काही भुईचिकणा, तर काही धामणाच्या गटातील, म्हणजे ग्रेविया प्रजातीतील, एखादे झुडूप. पाने-फळे झडून वाळलेली मुळी गोणीत भरली गेली की या जाती नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करणे जवळजवळ अशक्य होते. निवड व्हायची ती रानातच, उपटण्यापूर्वी, फळ हातात असताना. ज्याला फाका मोजता येत नाहीत, तो समोर दिसेल तो चिकणा उपटतो.

ही चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. बलेत इफेड्रिनच्या गटातील अल्कलॉइडे अल्प प्रमाणात असतात. ती हृदयाची गती आणि रक्तदाब वाढवितात. इफेड्रिनयुक्त पूरक आहारावर अमेरिकेने २००४ साली बंदी घातली, तेव्हा सिडा कॉर्डिफोलियापासून केलेली उत्पादनेही तिच्या कक्षेत आली. म्हणजे योग्य मूळ पडले, तरी त्याची मात्रा जाणकार वैद्यानेच ठरवावी लागते. चुकीचे मूळ पडले, तर गुण येण्याची आशाच संपली. ‘चिकण्याचे मूळ उगाळून घ्या’ असा सल्ला देणारे गावोगावी भेटतात. कोणता चिकणा, हे त्यांना अवश्य विचारावे.

शेतकऱ्याच्या बाजूनेही हा भेद उपयोगाचा आहे. भेंडी-कपाशीवरील अनेक किडींना याच कुळातील रानवनस्पती बिगरहंगामात आसरा देतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत कपाशीवर पिठ्या ढेकणाचा उपद्रव झाला, तेव्हा बांधावरची मुद्रा व तत्सम तणे उपटण्याचा सल्ला दिला जात होता आणि तो रास्त होता. भेंडीवरील केवड्याचा प्रसार करणाऱ्या पांढऱ्या माशीलाही अशा तणांवर जगता येते. मात्र बांधावर वर्षभर हिरवे राहणारे तण आणि माळावर अडीच महिन्यांत वाळून जाणारे रोप यांना एकाच पारड्यात घालणे योग्य नव्हे. आज बेलापूरच्या आसपास कालव्याच्या कृपेने ओल टिकते, बांध अरुंद होत चालले आहेत आणि जे उरतात त्यांवर तणनाशक फवारले जाते. अशा जागी माल्व्हास्ट्रम पुन्हा पुन्हा उगवतो. गाजरगवताची कथा याहून निराळी नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदले गेलेले ते अमेरिकन तण आज कोणत्या गावात नाही? भुईचिकणा अजून दुर्मिळ झालेला नाही, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु ज्या नांगर न लागलेल्या मुरमावर तो खऱ्या अर्थाने वर्षायू जीवन जगतो, ती जमीन प्रत्येक नव्या प्लॉटबरोबर आणि प्रत्येक सपाटीकरणाबरोबर घटत आहे. दोन्ही रोपांना चिकणाच म्हटले, तर त्यांपैकी एक कमी झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

ज्यांना स्वतः ओळख पटवून पाहायची आहे, त्यांनी सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत केव्हाही सकाळच्या प्रहरी बाहेर पडावे. साहित्य फार लागत नाही. दहापट मोठे दाखविणारे भिंग, एक पट्टी, वही आणि जुनी वर्तमानपत्रे पुरेत. छायाचित्र घ्यावयाचे असेल, तर एकटे फूल समोरून टिपून उपयोग नाही. संपूर्ण रोप, पानाची मागची बाजू, उलटे फूल आणि पिकलेले फळ अशी चार छायाचित्रे घ्यावीत. मोबाईलमधील ओळख सांगणारी अ‍ॅपे अलीकडे बरीच सुधारली आहेत. तरी समोरून घेतलेल्या पिवळ्या फुलावर ती सिडा आणि माल्व्हास्ट्रम यांच्यात गोंधळ करू शकतात. दोष त्यांचा नाही, आपण दिलेल्या पुराव्याचा आहे. रोप मुबलक असेल तेथून फळासकट एक फांदी घेऊन वर्तमानपत्राच्या घडीत दाबावी, कागद रोज बदलावा आणि चिठ्ठीवर तारीख, जागा व जमिनीचा प्रकार लिहावा. शंका उरल्यास असा नमुना महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखविता येतो. पुण्यात १९५५ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे; तेथील संग्रहाशी तो ताडून पाहता येतो.

सप्टेंबरमध्ये फक्त फुले मिळाली आणि निर्णय झाला नाही, तर घाई करू नये. जागा लक्षात ठेवून दिवाळीनंतर पुन्हा जावे. तोपर्यंत पाने करपलेली असतात, फांद्या तांबूस सुतळीसारख्या मुरमावर पडलेल्या असतात आणि त्यांवर धाग्यासारख्या दांड्यांना वाळलेल्या निदलपुंजाच्या इवल्या पिशव्या लोंबत असतात. त्यांतील एक पिशवी तळहातावर चुरडावी, भुसा फुंकून टाकावा आणि उरलेल्या फाका मोजाव्यात. कुसळाविना पाच भरल्या, तर तो भुईचिकणा.